हेमा 'झालं' कधी म्हणायची

आमच्या हेमाला काम सांगितलं की ती ओ देत नसे.

धारवाडला आमच्या सप्तापूरच्या घरी ती नवी नवी राहायला आली तेव्हा दूध घालणाऱ्या लक्कव्वाला वाटलं, मुलीला ऐकू कमी येतं. "हुडुगीगे किवी केळसंगिल्लेन्री?" असं तिनं मला हळूच विचारलं आणि कानात कोमट तेल सोडायचा उपायही सांगितला. कान चांगले होते. मी म्हणायची, "हेमा, कोपऱ्यावरून कोथिंबीर आण गं." ती काही न बोलता पिशवी घेऊन जायची. मी इकडे स्वयंपाकघरातून घसा कोरडा करायची, "हेमा! ऐकलंस का? अगं बये, होय तरी म्हण!" मग चिडून मीच चपला घालून मागच्या गल्लीतल्या भाजीवालीकडून जुडी आणायची. परत येते तर ही ओट्यापाशी उभी, हातात जुडी. ती ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, "झालं."

तेवढा एकच शब्द. त्या काळात आमच्या घरी कोथिंबिरीच्या वड्या फार व्हायच्या. आमचे हे म्हणायचे, "तुझी भाची बोलत नाही त्याचा फायदा मला होतो."

हेमावती ही माझ्या धाकट्या भावाची, दत्तात्रेयाची, एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली. दत्तू हुबळीला कमरीपेठेत राहायचा आणि दाजीबानपेठेत कापडाच्या ठोक दुकानात कामाला होता. आता तो नाही, पण अजून त्या पेठेत कुणी जुना माणूस भेटला तर आधी हसतो आणि मग दत्तूचं नाव घेतो. माणूसच तसा होता. कुणी काही सांगो, कन्नड माणसाला "आत्रि, आत्रि" आणि मराठी माणसाला "झालं म्हणून समजा". नाही हा शब्द त्याच्या तोंडाला कधी शिवलाच नाही. करायचं मात्र राहायचं. एका मुंजीत केळीची पानं आणतो म्हणाला. पंगत बसली, रांगोळ्या झाल्या, वाढपी भात घेऊन आले आणि सगळी मंडळी नुसत्या जमिनीकडे बघत राहिली. दत्तू तेव्हा पंगतीतच बसला होता, उपरणं सारखं करत. त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. यजमानांनी कपाळाला हात लावला आणि शेवटी तेही हसले. दत्तूवर रागावणं कुणाला जमायचं नाही.

एकीला जमलं. हेमा बारावीला चांगले मार्क मिळवून पास झाली. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. अर्ज कॉलेजात नेऊन द्यायचं काम दत्तूनं घेतलं. ती रोज विचारायची, "अप्पा, दिला का?" हा म्हणायचा, "दिला गं. झालं म्हणून समज." यादी लागली, तिचं नाव नाही. ती कॉलेजच्या खिडकीवर गेली. तिथल्या बाईंनी सांगितलं, या नावाचा अर्ज आलेलाच नाही, मुदत केव्हाच संपली. अर्ज दत्तूच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्याखाली घडी करून ठेवलेला होता, आणि तो तिथंच राहिला.

हेमा रडली नाही, भांडली नाही. काही दिवसांनी पत्र्याची ट्रंक घेऊन धारवाडला माझ्या दारात आली. "आत्या, मी इथं राहू?" म्हणाली. मी होय म्हटलं. तिनं बी.एस्सी.ला नाव घातलं, ते स्वतः रांगेत उभं राहून. आणि तेव्हापासून तिनं एक धरलं: काम पुरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी किती समजावलं. "अगं, समोरच्याला कळायला नको का, तू ऐकलंस म्हणून?" तर म्हणायची, "करायच्या आधी होय म्हणायला काय लागतं? अप्पाही म्हणतात."

ह्या स्वभावापायी तिचं एक चांगलं स्थळ गेलं, ते सांगायलाच हवं. तेव्हा तिचं कॉलेज संपलं होतं आणि ती एका संस्थेत कॉम्प्युटर शिकत होती. बेळगावची मंडळी बघायला आली. मुलगा बँकेत, आई जरा ठसक्याची. सगळं बोलणं बरं चाललं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, "थालीपीठ येतं का गं तुला?" हेमानं त्यांच्याकडे बघितलं, उठली आणि आत गेली.

बाई माझ्याकडे बघतात, मी छताकडे बघते.

"राग आला वाटतं," बाई म्हणाल्या.

"छे हो, लाजरी आहे," मी म्हटलं. हेमा आणि लाजरी! माझंच मला हसू येत होतं.

बाईंनी आवाज चढवून पुन्हा विचारलं, "काय गं, येतं की नाही?" आतून उत्तर नाही, नुसतं नाक ओढल्याचा आवाज. हेमा कांदा चिरत होती. बाईंना वाटलं, मुलगी रडते आहे. त्यांनी नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मी चहाचा आग्रह करते, हवापाण्याच्या गोष्टी काढते, दोनदा पोहे पुढं करते. शेवटी त्यांची बसची वेळ झाली, मंडळी उठली आणि गेली. फाटक लागल्याचा आवाज आला आणि हेमा ताट घेऊन बाहेर आली. खरपूस थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाली, "झालं."

आमच्या ह्यांनी ताट ओढून घेतलं. "उत्तम झालंय," म्हणाले. "पण विचारणारे रिक्षात बसले."

पुढं हेमाला हुबळीत नोकरी लागली. दाजीबानपेठेतच, कापडाच्या दुकानावर माडी होती, तिथं राघवेंद्रनं कॉम्प्युटरचं लहानसं ऑफिस काढलं होतं. राघवेंद्र मूळ हुबळीचा, बेंगळुराला नोकरी करून परत आलेला. बोलायला मोकळा, अर्धं कन्नड अर्धं मराठी. त्या वेळी आमच्याकडे नेट कॅफे नुकते निघाले होते. सप्तापुरात कॉलेजची पोरं बाहेर चपलांचा ढीग करून आत पडद्याआड बसायची, आणि नातू परदेशात असलेले म्हातारे हातात कागद धरून बाकावर आपली पाळी यायची वाट बघायचे. राघवेंद्र दुकानदारांना, डॉक्टरांना वेबसाइट करून द्यायचा. हेमा त्याच्या हाताखाली कुणी केलेलं दुरुस्त कर, कुणाचं टाइप कर, असं काम करायची. स्वतःचं म्हणून काही नव्हतं.

ते मिळालं विठ्ठलरावांमुळे. हे निवृत्त मास्तर, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे आणि वधूवर मंडळ चालवायचे. घरात दोन कपाटं भरून मुलामुलींचे फोटो आणि पत्रिका. त्यांच्या बायकोला साड्या ठेवायला जागा नव्हती. मुलं पुण्याला, अमेरिकेला गेलेली, आईबाप धारवाडात, तेव्हा त्यांच्या मनात आलं की मंडळाची वेबसाइट करावी. ते राघवेंद्रकडे गेले आणि म्हणाले, "काम आमच्या हेमाकडे द्या. धारवाडला आल्यापासून तिला मी ओळखतो, ती सांगितलेलं करते." राघवेंद्रनं दिलं.

हेमानं काही महिने खपून ती वेबसाइट केली. मला दाखवायला कॅफेत नेलं. मुलीचं नाव, शिक्षण, जन्मवेळ लिहायची, फोटो घालायचा आणि बटण दाबायचं. मग हुबळीच्या ऑफिसातलं मोठं मशीन त्या मुलीची पत्रिका मांडणार, मंडळातल्या एकेका मुलाच्या पत्रिकेशी जुळवणार, फोटो बेताच्या आकाराचा करणार, आणि जिथं जिथं जुळेल त्या घरी ई-मेलनं पत्र धाडणार. केवढं काम! बाळाचार्य ज्योतिषी एका जोडीला दुपार घालवायचे. मला कौतुक वाटलं.

पण सगळं आटोपेपर्यंत ते मशीन बटण दाबणाऱ्याला एक अक्षर सांगायचं नाही. पडद्यावर नुसती पांढरी पाटी आणि वाळूचं घड्याळ. शेवटची पत्रिका जुळली, शेवटचं पत्र गेलं, की मग पाटीवर उमटायचं, "झालं".

मी हेमाकडे बघितलं. तिला काही वाटलं नाही. मला मात्र कोथिंबीर दिसायला लागली.

आणि तसंच झालं. माणूस पांढऱ्या पाटीकडे किती वेळ बघणार? लोकांना वाटायचं, पोचलंच नाही. ते परत बटण दाबायचे. परत दाबलं की मशीन बापडं आधीचं चालू ठेवून तेच काम मुळापासून आणखी एकदा करायला घ्यायचं. आधीच हळू, त्यात आणखी हळू. कमल नावाची एक मुलगी होती, मालमड्डीची, शिक्षिका. तिचे वडील वकील आणि तापट. त्यांनी रागारागानं बटण दाबतच ठेवलं. परिणाम असा की कमलचं स्थळ एकेका घरी पुन्हा पुन्हा जाऊन पडलं. मिरजेच्या एका बाईंनी विठ्ठलरावांना फोन केला, "मुलगी चांगली दिसते हो, पण एवढी कसली घाई आहे? काही भानगड तर नाही?"

हे वकिलांच्या कानावर गेलं. विठ्ठलरावांच्या कट्ट्यावर उभे राहून ते ओरडले ते आमच्या परसात ऐकू आलं. "माझी मुलगी काय हातगाडीवर घातलीय, गल्लोगल्ली ओरडून विकायला?"

विठ्ठलराव त्याच पावली आमच्याकडे आले. घाम पुसत म्हणाले, "हेमा, दिवाळीनंतर आपला मेळावा आहे. गावोगावचे लोक येणार. तोपर्यंत हे सुधारलं तर ठीक. नाही तर मी माझी कपाटं उघडतो, वेबसाइट बंद."

हेमा गप्प.

"अगं, ऐकलंस का?"

"ऐकलंय तिनं," मी म्हटलं. "ओ आतून उमटलीय, बाहेर यायला वेळ लागतो."

राघवेंद्र दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आला. मी उप्पीट केलं होतं. खाता खाता तो म्हणाला, "आत्या, तुम्हीच सांगा की हिला. सगळीकडे करतात ते ही करत नाही. बटण दाबलं की आधी 'मिळालं' म्हणून उत्तर देऊन टाकायचं. माणूस मोकळा, उठून जाईल. जड काम मशीन मागाहून सवडीनं करतं. साधी गोष्ट आहे."

"आणि मागाहून झालंच नाही तर?" हेमा म्हणाली. "मध्येच मशीन बंद पडलं तर? तो माणूस उत्तर घेऊन घरी गेलेला असतो. तो विश्वासानं बसून राहणार, आणि इकडे कुणाला पत्ताच नाही."

"होतं असं क्वचित."

"क्वचित," हेमा म्हणाली. तो शब्द तिनं असा उच्चारला की राघवेंद्रनं चमचा खाली ठेवला. त्याला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं, ती कुठल्या क्वचितमध्ये सापडली होती ते.

मी मध्ये पडले. "अगं, आपल्याकडे पाहुणा आला की आधी गूळपाणी देतोच की. भात मागाहून शिजतो. त्याला कुणी खोटं म्हणत नाही."

"आत्या, गूळपाणी देऊन बसवलं आणि डब्यात तांदूळच नसले तर?"

मी राघवेंद्रला आणखी उप्पीट वाढलं. तो निघताना दाराशी मला हळू आवाजात म्हणाला, "मेळाव्यापर्यंत झालं नाही तर काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल हो. मग ही परत बिलं टाइप करत बसेल. मला आवडणार नाही, पण काय करू?"

हेमानं ते ऐकलं होतं. त्या आठवड्यात ती जेवताना पानावर नुसती रेघा ओढत बसायची.

दिवाळीत भाऊबीजेला दत्तू आला. दर वर्षी तो यायचा त्या दिवशी हेमाला काहीतरी बाहेरचं काम निघायचं. ह्या वेळी ऑफिसला सुट्टी, ती घरातच होती. दत्तू पाटावर बसला, डोक्यावर टोपी, कपाळाला कुंकू, एकदम खुशीत. मी ताट हातात घेतलं तेवढ्यात तो म्हणाला, "काय गं हेमा, मेळावा आहे म्हणे तुमचा? मी येतो मदतीला. सतरंज्या, खुर्च्या, सगळं माझ्याकडे. झालं म्हणून समज!"

हेमा दारात उभी होती. इतक्या वर्षांत जे बोलली नव्हती ते ती तेव्हा बोलली.

"अप्पा, माझा अर्ज दिला होता का तुम्ही?"

दत्तूचं हसू तोंडावरच राहिलं. मी निरांजन सांभाळत उभी.

"नाही," दत्तू म्हणाला.

"मग रोज दिला दिला का म्हणत होतात?"

"अक्का, आधी ओवाळ की," तो मला म्हणाला.

"मी उभी आहे," मी म्हटलं. "तू तिला सांग."

दत्तूनं टोपी काढली. मांडीवर ठेवली. "पहिल्या दिवशी तुझं तोंड बघून नाही म्हणवेना. वाटलं, उद्या देऊनच टाकू. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. दुकानात गेलं, गिऱ्हाईक आलं, कापडाचे तागे उलगडले, की डोक्यातून जायचं. संध्याकाळी तू विचारलंस की आठवायचं. होय म्हणताना मी खोटा नसतो गं, हेमा. त्या क्षणी मला करायचंच असतं. पण एकदा होय म्हटलं, की ते होय ठेवायला माझ्याजवळ जागा नाही. पाटीवर ओल्या बोटानं लिहावं तसं होतं. वाळलं की गेलं."

निरांजनाची वात चरचरली. हेमा वळली आणि आतल्या खोलीत गेली. दत्तूला वाटलं, रागावून गेली. मलाही तसंच वाटलं. मी त्याला ओवाळलं, त्याचे डोळे भरले होते. लाडू न खाताच निघाला, तर मी कागदात बांधून दिले.

संध्याकाळी मी खोलीत डोकावले. हेमा कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आणि बाण काढत होती. मला बघून म्हणाली, "आत्या, होय म्हणण्यात वाईट काही नाही. होय कुठं ठेवलं ते वाईट." आणि परत खाली मान.

सुट्टी संपताच ती हुबळीला गेली आणि मेळाव्याच्या आधी काम करून आली. मला कळेल असं तिनं सांगितलं, ते असं. आता बटण दाबलं की मशीन आधी ते काम आपल्या पोटात पक्कं नोंदून ठेवतं, करंट गेला तरी पुसणार नाही अशा जागी. तसं ठेवून झालं, की मगच बटण दाबणाऱ्याला उत्तर देतं. त्या उत्तरात 'झालं' म्हणत नाही. "तुमची माहिती पोचली. पत्रिका जुळवणं बाकी आहे. जुळली की कळवू," एवढंच म्हणतं. माणूस उठून आपल्या कामाला लागतो. मागे मशीन एकेक काम उचलतं, आणि एकेक पत्र गेलं की त्यावर खूण करतं. खूण असलेलं पत्र परत जायचं नाही.

"आणि कुणी वकील साहेबांसारखं दाबतच राहिलं तर?"

"तर म्हणतं, तुमचं आलंय, रांगेत आहे."

"तुझ्यापेक्षा शहाणं झालं की गं ते," मी म्हटलं. ती हसली. फार दिवसांनी हसली.

मेळावा रविवारी होता, धारवाडात एका मंगल कार्यालयात. हॉलच्या टोकाला टेबलं मांडून कॉम्प्युटर ठेवले होते. मी बायकांच्या बाजूला अवलक्की, म्हणजे आपले पोहे, आणि चहाच्या व्यवस्थेवर होते, पण माझं सगळं लक्ष टेबलांकडे. लोक येत होते, बटण दाबत होते, आणि लगेच उत्तर. कमलचे वडील आले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी माहिती भरली, बटण दाबलं, चष्मा वर करून उत्तर वाचलं. "हं," म्हणाले आणि चहाला गेले. विठ्ठलरावांना इतका हुरूप आला की त्यांनी माइक हातात घेऊन सांगून टाकलं, "सगळ्यांची स्थळं संध्याकाळपर्यंत घरपोच!"

दुपारी जेवणं चालू असताना राघवेंद्रचा हुबळीहून फोन आला. दाजीबानपेठेच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला होता. बॅटरीवर मशीन थोडा वेळ चाललं आणि बंद पडलं. इकडे हॉलमध्येही वेबसाइट उघडेना.

विठ्ठलराव खुर्चीवर बसले ते बसलेच. "एवढ्या लोकांना होय म्हणून बसलो," म्हणाले. "ती सगळी नावं आता गेली का?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, कितीही झालं तरी दत्तूचीच मुलगी."

हेमा माझ्या मागेच उभी होती. तिनं पर्स उचलली आणि चालायला लागली. मी हातातला झारा तिथंच टाकून तिच्या मागे गेले.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. नवनगर गेलं, उणकलचं तळं गेलं, ती बाहेर बघत होती पण तिला काही दिसत नव्हतं.

"तू मशीन मध्येच बंद करून बघितलं होतंस ना गं?" मी विचारलं.

बराच वेळ गेला. मला वाटलं, नेहमीसारखं. मग ती म्हणाली, "बघितलं होतं. पण आपण बटण बंद करणं वेगळं आणि हे वेगळं. आत्या, नावं गेली असली तर मी त्या सगळ्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगेन."

रविवार म्हणून पेठेतली बरीच दुकानं बंद होती. माडीवर काळोख, उकाडा. राघवेंद्र साडीच्या खोक्याच्या झाकणानं वारा घेत बसला होता. आणि त्याच्या शेजारी दत्तू! मेळाव्याला सतरंज्या घालायला निघालेला माणूस वाटेत कुणीतरी भेटलं म्हणून थांबला, त्यात मेळावा विसरला, आणि गल्लीत करंट गेला ऐकून इथं चौकशीला आला होता. पुढ्यात कागदावर मंडक्की, तिखट लावलेले चुरमुरे. "खा की अक्का," म्हणाला. मी खाल्ली. काळोखात दुसरं करण्यासारखं नव्हतं.

हेमा काही न खाता बंद मशीनसमोर बसून राहिली. खाली गल्लीत लाइनमन खांबावर चढला होता आणि त्याला खालून सगळी पेठ सल्ले देत होती. उन्हं कलायला लागली तेव्हा एकदम पंखे फिरले, ट्यूबलाइट फडफडली, आणि गल्लीत पोरांनी आरोळी ठोकली.

मशीन जागं व्हायला वेळ लागला. हेमा हात मांडीवर ठेवून बसली होती. पडद्यावर आधी काहीबाही अक्षरं आली. मग एक ओळ आली, थांबली. मग खाली दुसरी. तिसरी. नावं होती ती. हेमा पुढं वाकली आणि एका ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"कमलची पत्रं चालू असताना करंट गेला होता," ती म्हणाली. "ही घरं झालेली. खूण आहे. आता ह्याच्या पुढच्या घरापासून धरलंय."

"मिरजेच्या बाईंना परत गेलं नाही ना?" मी विचारलं.

"नाही. एकदाच."

दत्तू मंडक्कीचे हात धोतराला पुसत उठला, तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. "म्हणजे विसरलं नाही?" म्हणाला.

"नाही अप्पा. विसरलं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. विठ्ठलराव. राघवेंद्रनं रिसीव्हर तिच्यापुढं धरला. मी मनात म्हटलं, आता हा फोन सगळं संपेपर्यंत तसाच हवेत राहणार. हेमानं तो घेतला.

"काका, करंट आला. नावं सगळी आहेत. काम चालू आहे, पण अर्ध्याहून जास्त बाकी आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं होणार नाही, बऱ्याच जणांना उद्या मिळेल. तिथल्या लोकांना तसं सांगा, म्हणजे ते घरी जातील."

मग विठ्ठलरावांचा आवाज रिसीव्हरबाहेर आला, "बरं बाई. सांगतो. माइक आहेच माझ्याकडे."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "आत्या, तू नीघ आता. मला इथं वेळ लागेल. मी उद्या सकाळच्या बसनं येते, आज कमरीपेठेत अप्पांकडे राहीन."

इतकी वर्षं मी ह्या मुलीची वाट बघत दारात उभी राहिले होते. ही कुठं गेली, कधी येणार, जेवणार की नाही, एक अक्षर कधी कळलं नाही. मी पिशवी उचलली.

"मी थांबतो हिच्याजवळ," दत्तू म्हणाला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं खुर्ची ओढली आणि आधी बसला.

हेमानं त्याच्याकडे बघितलं. "बसा," म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

मी जिना उतरले, धारवाडची बस धरली, खिडकीशी जागा मिळाली. उणकल केव्हा मागे पडलं ते कळलं नाही. कंडक्टरनं हाक मारली, "अज्जी, एळ्री, धारवाड बंत," तेव्हा जाग आली. घरी हे मेळाव्यातलं जेवून आधीच झोपले होते; मी एकटीपुरता भात लावला, जेवले, आणि दाराला आतून कडी घातली.